बेटावरचे हबीबभाऊ

हबीबभाऊ कोणाच्याही घरी गेले, की आत शिरण्याआधी उंबऱ्याबाहेरच्या चपला फिरवतात. फक्त स्वतःच्या नाही, सगळ्यांच्या. प्रत्येक जोडाचं तोंड रस्त्याकडे करायचं, दोन्ही चपला जुळवून ठेवायच्या आणि मगच आत येऊन पाणी मागायचं. आमच्या शेजारच्या नानांच्या तेरवीला त्यांनी असे साठेक जोड फिरवले आणि फिरवता फिरवता त्यांच्या जागाही बदलून टाकल्या. जेवून बाहेर आलेली मंडळी अर्धा तास आपापली चप्पल शोधत होती. वडशाचे एक पाहुणे दोन वेगवेगळ्या चपला घालून मोटारीत बसले आणि घरी पोचल्यावर त्यांनी फोन केला.

आपलं काही चुकलं असं हबीबभाऊंना मुळीच वाटलं नाही. निघायची वेळ आली की पायात घालावं आणि निघावं, वळवत बसला तो गेला, असं त्यांचं म्हणणं. 'गेला' म्हणजे पेशंट गेला. हबीबभाऊंनी आमच्या आरमोरीकडच्या एका सरकारी दवाखान्याची जीप तीस वर्षं चालवली. ती जीप त्यांनी कधी भिंतीकडे तोंड करून उभी केली नाही. निवृत्त होताना जीप हातातून गेली, तेव्हा ते चपलांवर आले. लोकांच्या सायकली आणि लेकरांची तीनचाकी गाडीसुद्धा ते वळवून ठेवतात.

मी त्याच दवाखान्यात औषधं देणारा. माझं नाव अविनाश, पण हबीबभाऊंनी त्यातली पहिली दोन अक्षरंच ठेवली. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला सलाईनच्या बाटल्यांचं खोकं उचलताना पाहिलं आणि म्हणाले, "अवि, पेशंट समज." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. अंडी आणायला निघालं तरी पेशंट समज, कूलर गच्चीवर चढवायचा तरी पेशंट समज. आमच्या मोहल्ल्याच्या गणपतीचा ट्रॅक्टर आजवर दरवर्षी त्यांनीच चालवला, कारण त्यांच्या हातून मूर्तीला कधी चरा गेला नाही. फक्त मिरवणूक इतकी हळू चाले, की मागच्या तीन मंडळांचे लोक शिव्या घालत असत. हबीबभाऊ सीटवरून हात मागे करून त्यांना थांबायची खूण करत. त्यांच्या दृष्टीने बाप्पाही पेशंटच.

त्यांच्याबरोबर प्रवास केला की आणखी एक गंमत कळते. गावांची नावं त्यांना येतात, पण ती ते वापरत नाहीत. एटापल्लीच्या वाटेवरचं एक गाव म्हणजे 'जुळ्यायचं गाव', त्याच्या पुढचं 'साप चावल्याचं', आणि नाल्यापलीकडे 'मास्तरीणबाईचं अपेंडिस'. एकदा एका नव्या डॉक्टरांनी त्यांना रस्ता विचारला. हबीबभाऊंनी सांगितलं, की जुळ्यांवरून डावीकडे वळा, हाडमोड्याच्या पुढे चढ लागतो, आणि चढ संपला की उजव्या हाताला बाळंतीण. डॉक्टर त्या दिवशी भलत्याच, सिरोंचाच्या रस्त्याला लागले, असं ऐकलं.

ती जीप नंतर लिलावात निघाली आणि मी घेतली. म्हणजे हबीबभाऊंनी मला घ्यायला लावली. माझ्याकडे तोवर एक स्कूटर होती आणि तिच्यावर मी सुखी होतो. पण ते रोज संध्याकाळी येऊन बसत आणि जीप भंगारात गेली तर काय काय होईल ते सांगत. तिच्या स्प्रिंगचे पाटे कापतील, इंजिन धान कांडायच्या मशीनला लावतील, पत्र्याची कोंबड्यांची खुराडी करतील. चौथ्या दिवशी मी हरलो. तेव्हापासून तिच्याबद्दल त्यांचा एकच कायदा आहे. कागद माझे, गाडी त्यांची.

जीप आली आणि आम्हाला बेटाचा नाद लागला. दिवाळीनंतर वैनगंगेचं पाणी ओसरलं की पात्रात रेतीची बेटं उघडी पडतात. दर पावसाळ्यात नदी त्यांची जागा बदलते, म्हणून आमचं बेट दरवर्षी नवं असतं. फेब्रुवारीत गुडघाभर पाण्याची धार ओलांडून तिथं गाड्या न्यायच्या, दोन तंबू ठोकायचे, दिवसभर रेतीत गाडी पळवायची, मटण शिजवायचं आणि दुसऱ्या दिवशी परतायचं. पहिल्या वर्षी जवळच्या गावचा कोतवाल आम्हाला रेतीचोर समजून आला होता. तंबू, चुलीवर मटणाचं गंज आणि मी दुपारी छत्री धरून बसलेलो, हे पाहून त्याला आमच्याबद्दल कीव वाटली असावी. तो जेवूनच गेला.

आमची टोळी चौघांची. मी, हबीबभाऊ, कृषी खात्यातले प्रकाशभाऊ, जे स्वयंपाक करतात, आणि राईस मिलवाला नितीन. नितीनची गाडी नवी, उंच, आतून विमानासारखी. रेतीत उतरण्याआधी चाकांची हवा कमी करावी लागते, नाहीतर चाक रुतून खड्डा करतं. नितीन त्यासाठी आकडे दाखवणारं यंत्र लावतो. हबीबभाऊ बाभळीच्या काट्याने वॉल्व दाबून हवा सोडतात आणि तळहाताने टायर दाबून बघतात. मग नितीनचं यंत्र लावून पाहायचं. चारही चाकांचा आकडा सारखा निघतो, आणि नितीन यंत्र खिशात घालतो.

तर हे सगळं सुरळीत चाललेलं असताना यंदा हबीबभाऊंच्या डोळ्यांचं निघालं. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. थेंब आयुष्यभर घालायचे, आणि गाडी यापुढे चालवायची नाही, अगदी स्कूटरसुद्धा. हबीबभाऊंच्या घरी ते आणि त्यांची मुलगी शबाना, दोघंच. शबाना शाळेत शिकवते आणि कमी बोलते. तिने मला फाटकाशी गाठलं आणि म्हणाली, "काका, अब्बाले बेटावर न्या. नाई नेलं तं ते जेवणार नाईत. पण चाबी नका देऊ." मी शब्द दिला.

इथून पुढे एक महिना हबीबभाऊंनी माझा जीव खाल्ला. त्यांना फार काही नको होतं. बेटावर एकदा, शेवटचं, आपल्या हाताने जीप फिरवायची होती. तीस वर्षांची ड्रायव्हरकी नागपूरच्या एका खुर्चीवर, हनुवटी मशीनला टेकवून संपावी, हे त्यांना मान्य नव्हतं. मी नाही म्हणालो की ते मला स्टँडवर घेऊन जात, लांबून येणाऱ्या बसची पाटी वाचून दाखवत. भंडारा, वडसा, गडचिरोली. मला चष्मा असून जे दिसत नसे, ते त्यांना दिसे. "समोरचं झकास दिसून राह्यलं. मंग काऊन नाई?" असं विचारून ते माझ्या तोंडाकडे पाहत.

माझ्याकडे उत्तर होतं. त्या आजाराचे थेंब मी रोज लोकांना देतो. नजर मधून जात नाही, कडेकडून जाते, समोरची पाटी शेवटपर्यंत वाचता येते, हे मला पाठ आहे. पण त्यांच्या तोंडावर ते सांगायची माझी छाती झाली नाही. मी आपलं शबानाचं नाव पुढे करत राहिलो.

जायच्या दिवशी मी चालवायला बसलो आणि हबीबभाऊ पहिल्यांदा शेजारच्या सीटवर. चाळीस मिनिटांच्या रस्त्यात त्यांनी रिकाम्या पत्र्यावर इतक्या वेळा ब्रेक दाबला, की पायाखालची चटई पुढे सरकून गोळा झाली. मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय क्लच दाबी. खड्डा दिसला की ते खांदा एकीकडे पाडत, म्हणजे गाडी आपोआप चुकवेल. नदीच्या घाटावर पोचलो तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त दमले होते. मागून प्रकाशभाऊ म्हणाले, की आज दोन ड्रायव्हरांनी मिळून गाडी आणली.

धार ओलांडून बेटावर चढताना नितीन फसला. यंत्राने दाखवलेला आकडा बरोबर होता, पण यंदाची रेती फार बारीक होती. हबीबभाऊ चपला काढून गेले, रेती मुठीत घेऊन सोडली, टायर दाबला आणि अजून हवा सोडायला सांगितलं. नितीनने सोडली. मग चाकांपुढची रेती हाताने उकरून त्यांनी त्याला दुसऱ्या गिअरमध्ये हळू निघायला लावलं, आणि ती धुडासारखी गाडी निमूट वर आली. हबीबभाऊ गुडघ्यापर्यंत ओले, दाढीला रेती लागलेली, असे उभे राहून हसत होते. मला तेव्हाच वाटलं, की या माणसाला आपण चावी देणार.

दुपारी जेवणं झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले. महिनाभर केला तसा वाद त्यांनी घातला नाही. समोरच्या मोकळ्या रेतीकडे हात करून एवढंच म्हणाले, "इथी माणूस नाई, झाड नाई, गाय नाई. इथी मी कोणाले ठोकतो रे अवि?"

मी चावी दिली. शबानाचा चेहरा आठवला आणि तरीही दिली.

कसं चालवलं म्हणून सांगू. नितीन रेतीत गाडी पळवतो तेव्हा इंजिन किंचाळतं आणि पोटातलं अन्न वर येतं. हबीबभाऊंनी जीप कुठं सुरू केली तेच मला कळलं नाही. चढावर थोडा वेग, माथ्यावर पाय सैल, उतारावर नुसतं इंजिनाचं ओढणं. वळताना ते स्टिअरिंग दोन बोटांनी धरत होते. तोंडाने जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या नकला चालल्या होत्या, आणि मी पोट धरून हसत होतो. इतकं हसत होतो, की डाव्या बाजूच्या काटक्या मला फार उशिरा दिसल्या.

बेटाच्या त्या टोकाला डांगरवाडी होती. पाणी ओसरलं की मासेमारी करणारी ढिवर समाजातली माणसं रेती आपसात वाटून घेतात, ओल लागेपर्यंत आळी खणतात, शेणखत भरतात आणि त्यात डांगर, काकडी, टरबूज लावतात. हद्दीला फक्त काटक्या आणि गवताच्या पेंढ्या. समोरून येणाऱ्याला त्या दिसतात. आम्ही त्यांच्या बाजूबाजूने चाललो होतो, आणि डावी चाकं काटक्या मोडत सरळ ओळीत शिरली होती.

मी ओरडलो. हबीबभाऊंनी गाडी थांबवली आणि समोर पाहत म्हणाले, "काऊन? काय झालं?" त्यांना खरंच काही दिसलं नव्हतं. मी डावीकडे बोट केलं. मग त्यांनी मान हळूहळू डावीकडे वळवली, दारातून खाली पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

पाच आळी गेली होती. वेल रेतीत दाबले गेले होते, सुपारीएवढी डांगरं फुटून पांढरी झाली होती. पलीकडच्या झोपडीतून बाई धावत आली. सुमनबाई तिचं नाव. तिने आम्हाला जे सुनावलं ते सगळं रास्त होतं. तुम्हाला खेळायला जागा मिळत नाही का, लोकांच्या पोटावरून गाड्या कशाला नेता, असं ती बोलत होती आणि मी माफी मागत होतो. हबीबभाऊ मात्र आळ्याजवळ गुडघे टेकून बसले होते. एकेक वेल ते रेतीतून मोकळा करत होते, मुळाशी बोट घालून पाहत होते, जगेल तो सरळ करून ठेवत होते.

थोड्या वेळाने सुमनबाईही खाली बसली. काम करणाऱ्या माणसावर फार वेळ ओरडता येत नाही. वाकून तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचा सूरच बदलला. "ड्रायव्हरभाऊ, तुमी?" मग जीपकडे मान करून म्हणाली, "याच गाडीत नेलं ना मले, पोराच्या वक्ती?"

हबीबभाऊंनी मान वर केली. माणूस असा ओळखीचा निघाला की त्यांचा चेहरा उजळतो, कारण त्यानंतर ठरलेलं कौतुक येतं. तालुक्यातली निम्मी माणसं त्यांनी नेलेली. त्यांनी विचारलं, की मग काय, बरोबर पोचवलं होतं ना.

"पोचवलं तं. पोरगा झाला चांगला. आता कंपनीत आहे." बाईने एक वेल उचलून हळूच आळ्यात बसवला. "पण लय आपटलं हो तुमच्या गाडीनं. पोटाच्या कळायची याद नाई राह्यली मले, रस्त्याची आहे."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. हातातलं काम करता करता माणूस बोलतो तसं बोलली आणि पाणी आणायला गेली. हबीबभाऊ मात्र हातातला वेल तसाच धरून बसले. ज्या माणसाने सगळ्या गावाला सांभाळून चालायला शिकवलं, त्याला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

प्रकाशभाऊ आणि नितीनही धावत आले, आणि ऊन उतरेपर्यंत आम्ही चौघं तिथंच होतो. तीन आळी वाचली, दोन नव्याने भरली. प्रकाशभाऊंनी बियाणं आणि खत दुसऱ्याच आठवड्यात आणून द्यायचं कबूल केलं, आणि दिलंही. सुमनबाईने जाताना आम्हाला चार काकड्या दिल्या, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. चावी हबीबभाऊंनी न मागताच माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी ते कोणाला रागावले नाहीत, मटणातल्या तिखटालाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू आवरून निघायची वेळ झाली. मी माझ्या जागेवर बसलो आणि शेजारची सीट रिकामीच. पाहिलं तर हबीबभाऊ प्रकाशभाऊंना नितीनच्या गाडीत पाठवून स्वतः जीपच्या मागच्या बाजूला चढले होते. लांब बाकड्यावर, जिथं पेशंटला निजवत, तिथं ते आडवे झाले होते. उशाला तंबूची पिशवी. मी विचारलं, की बरं नाही का वाटत. ते म्हणाले, "बरा आहे. तू चाल. मले पाहू दे."

मी आयुष्यात इतकी सांभाळून गाडी चालवली नसेल. पण घाटाचा चढ घाटासारखाच होता, आणि पुढचा कच्चा रस्ता कच्च्या रस्त्यासारखा. प्रत्येक खड्ड्याला मागून बाकड्याचा आवाज येई आणि मी वेग आणखी कमी करी. हबीबभाऊंचा आवाज मात्र येत नव्हता. डांबरी रस्ता लागल्यावर मी विचारलं, की समोर येऊन बसता का. ते नाही म्हणाले. मग थोड्या वेळाने मागून बोलले.

"अवि, मागं निजलं का फक्त छत दिसते. गाडी कुठी आली काईच समजत नाई."

"हो."

"मी कधी मागं बोललोच नाई रे कोणाशी. वाटे, बोललो तं ध्यान हटन, गाडी आपटन. मागं ते सारे सारखे विचारत, भाऊ, कुठी आलो, भाऊ, आलं का. मी समोर पाहून गप चालवत राहो." बाकडं करकरलं. "तसं बी आपटतच होती. बोललो असतो तं काय बिघडलं असतं."

त्यांनी कितीतरी जीव वाचवले, हे मी सांगू शकलो असतो आणि ते खोटंही नव्हतं. पण ते त्यांना माहीत होतं. म्हणून मी दुसरंच केलं. मी बोलायला लागलो. म्हटलं, भाऊ, आता नहराचा पूल आला. डावीकडे धानाची रिकामी शेतं आहेत, एका बांधीत बगळे उतरलेत. समोरून बस येऊन राह्यली, मी कडेला घेतो, थोडी हलेल. आता मोहाची झाडं लागली, एक बाई खालचा पाला झाडून फुलं वेचायला जागा करून राह्यली. आता पुढे खड्डा आहे, धरून बसा. मागून दर वेळी "हं" येत होतं. खड्ड्याच्या आधी सांगितलं की बाकड्याचा आवाज कमी येतो, हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही आलं असणार.

आरमोरीत शिरल्यावर मी दुकानं सांगितली, चौकातली गर्दी सांगितली, रविवारची बंद शाळा सांगितली. मग त्यांच्या गल्लीत वळलो आणि म्हणालो, की शबाना फाटकात उभी आहे.

"रागात आहे?"

"नाही. हसून राह्यली."

"आता होईन रागात," हबीबभाऊ म्हणाले. "चाबी मी घेतली म्हून तिले मीच सांगतो. तू मधी पडू नको."

मी गाडी थांबवली. मागे काहीच हालचाल झाली नाही. शबाना जीपच्या पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहत होती आणि तिचा चेहरा उतरायला लागला होता.

"मागचं दार उघड," आतून हबीबभाऊ म्हणाले. "ते आतून उघडत नाई."

मी उतरून मागे जाईपर्यंत शबानाने दार उघडलं होतं. ते बाकड्यावर उठून बसले होते आणि उजेडात डोळे मिचकावत तिला शोधत होते. ती त्यांच्या अगदी कडेला उभी होती. तिने त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांना ती दिसली.